बेसीच्या पाठीवर

सुमेधानं टेबलावरचा नकाशा हलकेच फिरवून सरळ केला. सिनेटर टिबेट्स बराच वेळ तो उलटाच बघत होते आणि त्या नादात त्यांनी एका शेजारी राष्ट्राला समुद्र ठरवून टाकलं होतं. त्या राष्ट्रानं हरकत घेतलीही असती, पण त्याला या खोलीत यायची परवानगी नव्हती.

"हां, आता बरं दिसतंय," सिनेटर म्हणाले. "तर खेचरं. मला सांगा, त्यांना नाल कोण मारतं?"

समोर बसलेल्या हॅलोवेनं भुवया वर केल्या, जणू असा प्रश्न जगात प्रथमच कुणाला सुचत होता.

"उत्तम प्रश्न, सिनेटर."

हा उत्तम प्रश्न मागच्या महिन्यातही आला होता आणि त्याच्या मागच्याही. हॅलोवेनं तेच उत्तर त्याच चवीनं दिलं. मग सिनेटरांनी खुर्ची मागे ढकलली, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि बेसीची गोष्ट सुरू केली. बेसी म्हणजे त्यांच्या लहानपणी शेतावर असलेलं खेचर. एकदा ती चर्चमध्ये शिरली आणि प्रवचन संपेपर्यंत हलली नाही. पाद्र्याच्या मते त्या दिवशी लक्ष देऊन ऐकणारी तीच एकटी होती. इथे सिनेटर हसायचे, हॅलोवे हसायचा, आणि सुमेधालाही दर वेळी खरंखुरं हसू यायचं, कारण ते बेसीचे कान हातांनी करून दाखवायचे.

सन पंच्याऐंशी होतं. जगाच्या कानाकोपऱ्यात आपण चोरून काय करतो, हे एजन्सीनं, म्हणजे सरकारी हेर खात्यानं, अधूनमधून कायदेमंडळाच्या कानावर घालायचं, असा कायदा होता. त्यासाठी कॅपिटॉलच्या, म्हणजे कायदेमंडळाच्याच इमारतीच्या, पोटमाळ्यावर एक बिनखिडकीची खोली होती. एजन्सीकडे या लोकप्रतिनिधींना सांभाळणारी एक कचेरी होती, हॅलोवे तिचा साहेब आणि सुमेधा त्याच्या हाताखाली. कुलूपवाली बॅग, नकाशे, कुणाला कॉफीत किती साखर, कुणाच्या नातवाचे दात पुढे आलेत, हे सगळं तिच्याकडे.

पहिल्याच दिवशी हॅलोवेनं तिला कचेरीचा धर्म सांगितला होता.

"आपण खोटं बोलत नाही. ते काम दुसऱ्या मजल्यावर चालतं. आपण विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देतो. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं हा मात्र आगाऊपणा."

सुमेधाला हे जड गेलं नाही. ती अमेरिकेत जन्मली असली तरी मराठी घरात वाढली होती.

खेचरं त्या डोंगराळ देशात जात होती. तिथे एजन्सीचे मित्र होते आणि मित्रांकडे रस्ते नव्हते. टिपणात पहिलं कलम खेचरांचं आणि शेवटचं त्यांच्यावर लादलेल्या मालाचं. शेवटच्या कलमापर्यंत आजवर कुणी पोचलं नव्हतं. ही टिपणं मंजूर करणाऱ्या उपसमितीचे बाकीचे सदस्य येत नसत, अध्यक्ष टिबेट्स यांची सही पुरायची, आणि टिबेट्स यांना खेचरांवरून पुढे सरकायला कधी जमलं नव्हतं. सह्या होत गेल्या. खेचरं इतकी खरेदी झाली की दोन परगण्यांत त्यांचे भाव चढले आणि एका शेतकरी संघानं एजन्सीला आभाराचा केक पाठवला. एजन्सीनं तो क्ष-किरणांखाली तपासला आणि मग खाल्ला.

सुमेधाला ही जागा मिळाली तीही अशीच, चुकून.

ती नवी होती तेव्हाची गोष्ट. बैठक संपवून निघताना ती सिनेटरांना म्हणाली होती, "ओके देन, आय ॲम कमिंग." दोष तिच्या आईचा. मीनाक्षीबाईंच्या घरात 'जाते' हा शब्द उंबरठ्यावर उच्चारायचा नाही, 'येते' म्हणायचं, हा नियम होता. पोरीनं तो इंग्रजीतही पाळला. पण सिनेटर टिबेट्स मक्याच्या राज्यातले, दिल्या शब्दाला जागणारे. मुलगी येते म्हणाली आहे, तर थांबायला हवं. ते टोपी घालून त्या खोलीत बसून राहिले. त्यांची माणसं त्यांना इमारतभर शोधत होती, पण खोलीत कोण आहे हे सांगायची दारावरच्या शिपायाला परवानगी नव्हती. खाली सभागृहात एजन्सीचे पंख छाटणारा ठराव मताला आला आणि एका मताअभावी पडला. ते मत वर टोपी घालून सुमेधाची वाट बघत होतं.

"हे तुला सुचलं तरी कसं?" हॅलोवेनं दुसऱ्या दिवशी तिला कौतुकानं विचारलं होतं, आणि उत्तर न ऐकताच बढती दिली होती.

तेव्हापासून सिनेटर आणि तिच्यात ती एक गंमत होऊन बसली. ती निघताना "आय ॲम कमिंग" म्हणायची. ते म्हणायचे, "मी आहे इथे."

आज बेसीची गोष्ट संपली आणि हॅलोवे फोन करायला बाहेर गेला. सुमेधा नकाशा गुंडाळत होती.

"मिस सू," सिनेटर म्हणाले. सुमेधा हे नाव त्यांना पेलत नसे. "एक विचारू?"

"विचारा ना."

"नाल कोण मारतं, हे मी मागच्या वेळीही विचारलं होतं?"

नकाशा तिच्या हातात अर्धाच गुंडाळलेला राहिला. विचारलं, म्हणजे उत्तर आलंच.

"हो."

"त्याच्या आधी?"

"तेव्हाही."

"आणि बेसी?"

"तीही."

सिनेटरांनी टोपी उलटी करून आत बघितलं, जणू हरवलेलं काही आत पडलंय.

"निदान चांगली सांगतो का?"

"दर वेळी छान सांगता."

"बायकोला ठाऊक आहे. ती विचारत नाही, मी सांगत नाही. छान चाललंय आमचं." त्यांनी टोपी सरळ केली. "तुझ्या साहेबाला माहीत आहे?"

"हो."

"मग मी या खुर्चीत बसलेला त्याला आवडत असणार."

हा प्रश्न नव्हता. सुमेधानं उत्तर दिलं नाही. तिनं त्यांच्या कपात थोडी कॉफी ओतली, जी त्यांना नको होती, आणि ते ती प्यायले.

"चाळीस वर्षं लोकांनी मला इथे पाठवलं, मिस सू. हसं होऊन जायचं नाही मला. काय विचारायचं राहून जातंय माझं?"

तिनं तोंड उघडलं आणि तेवढ्यात दार उघडलं. हॅलोवे आत आला, फोन छान झाला असावा, कारण तो शीळ घालत होता. सिनेटरांनी पेन काढून सही केली. उठताना ते तिच्याकडे झुकून हळूच म्हणाले, "पुढच्या खेपेला मी हे विसरलेला असेन. तू विसरू नकोस."

"आय ॲम कमिंग," सुमेधा म्हणाली.

रविवारी चँडलरहून आईचा फोन आला. तिकडे ॲरिझोनात ऊन मी म्हणत होतं आणि बाबा, म्हणजे मोहनराव, संगणकाच्या चिप्सच्या कारखान्यातून येऊन कूलरसमोर बसले होते.

"तू काय काम करतेस ते मी विचारत नाही हो," आई म्हणाली. "लोकांना सांगते, फेडरलमध्ये आहे. पण काय गं, भांडी किती पडतात तुझ्याकडे?"

"एकटीची कितीशी पडणार, आई?"

"एकटीचीच ना?"

"एकटीचीच."

"बरं." एवढ्यात जे हवं ते कळून आईनं मोर्चा दुसरीकडे वळवला. फोन तोंडाशीच धरून ती मोठ्यानं म्हणाली, "अहो, ऐकलंत का? त्या वीणाची मुलगी थँक्सगिव्हिंगला चार दिवस येते हं आईकडे. तिला मिळते बाई सुट्टी!"

"मी काय केलं?" मागून बाबांचा आवाज आला.

सुमेधाला हसू आलं. लेकी बोले सुने लागे. घरात सून नव्हती, त्यामुळे बोलणी बाबांना आणि लागायचं लेकीला, अशी सोय होती. जन्मात आईनं तिला सरळ काही सांगितलं नव्हतं, आणि आईचं म्हणणं कळलं नाही असंही कधी झालं नव्हतं.

"काय झालं? गप्प का?" आईनं विचारलं.

"काही नाही. आई, तू आमच्याकडे नोकरी करायला हवी होतीस."

"मला नको बाई सरकारी नोकरी. माझ्या पोटात काही राहत नाही."

पुढच्या बैठकीला सिनेटर नवा टाय लावून आले. त्यांनी सुमेधाकडे बघून मान लववली, ओळख असल्यासारखी किंवा नसल्यासारखीही. खेचरांचं कलम निघालं. नाल कोण मारतं, हे त्यांनी विचारलं. उत्तम प्रश्न, असं हॅलोवे म्हणाला. बेसी चर्चमध्ये शिरली. हातांचे कान झाले. हॅलोवे हसला आणि सवयीनं पेनाचं टोपण काढून पेन त्यांच्याकडे सरकवलं.

"सिनेटर," सुमेधा म्हणाली.

हॅलोवेनं वळून पाहिलं. बैठकीत ती कधी बोलत नसे. पण नियम उत्तरांचे होते, प्रश्नांचा एकही नियम तिला कुणी सांगितला नव्हता.

"बेसीच्या पाठीवर काय असायचं हो?"

हॅलोवेच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. वेळ काढायची पोरीची हातोटी त्याला ठाऊक होती.

सिनेटर मात्र हसले नाहीत. हातांचे कान अजून डोक्याशीच होते. ते त्यांनी सावकाश खाली घेतले.

"हे मला कुणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "मका असायचा. उन्हाळ्यात बर्फाच्या लाद्या, पोत्यात गुंडाळून. आणि एकदा माझी धाकटी बहीण. ताप होता. वडील पुढे, बेसी मागे, मी बहिणीचा पाय धरून चालत होतो, घसरू नये म्हणून." बोटं टेबलावर काहीतरी धरल्यासारखी मिटली. "वडील म्हणायचे, खेचर निघालं की त्याच्या तोंडाकडे नाही, पाठीकडे बघावं."

मग सिनेटरांनी मान वळवली.

"यांच्या पाठीवर काय असतं, मिस्टर हॅलोवे?"

हॅलोवे पाणी प्यायला. त्यानं पेला ठेवला. आपण खोटं बोलत नाही.

"सुरुंग, सिनेटर."

"कुठे पेरता?"

"वाटेवर. म्हणजे आमचे मित्र पेरतात."

"गावकरी कुठून जातात?"

"डोंगरात वाट एकच आहे, सर."

"आणि खेचरं परत कुठल्या वाटेनं येतात?"

हॅलोवेनं नकाशाकडे पाहिलं. नकाशा सरळ होता.

"त्याचा अभ्यास चालू आहे," तो म्हणाला.

सिनेटर टिबेट्स यांनी पेनाला टोपण लावलं. दोनदा दाबून बघितलं, नीट बसलंय ना. आणि ते पेन हॅलोवेकडे परत सरकवलं.

सामान आवरून निघताना सुमेधा सवयीनं म्हणाली, "आय ॲम कमिंग." सिनेटर खिडकी नसलेल्या भिंतीकडे बघत होते. त्यांनी काही म्हटलं नाही.

बाहेरच्या बोळात हॅलोवे लिफ्टपर्यंत झपाझप चालला. बटण दाबून मग म्हणाला, "त्यांना कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. मी बेसीची चौकशी केली."

त्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. तो रागावलेला नव्हता, हेच तिला जास्त लागलं. दाद द्यावी की हाकलावं, हे त्याचं ठरत नसावं.

"सोमवारपासून तुझं टेबल दुसऱ्या मजल्यावर," तो अखेर म्हणाला.

लिफ्ट आली. हॅलोवे आत शिरला. सुमेधानं कुलूपवाली बॅग त्याच्या पायाशी ठेवली आणि ती आत गेली नाही.

"काय झालं?"

"मी येते म्हणाले होते," ती म्हणाली, आणि बोळातून उलट चालू लागली.

खोलीचं दार उघडंच होतं. उंबरठ्यावर सिनेटरांचा तरुण मदतनीस गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन उभा होता. आत पाऊल टाकायची परवानगी त्याला नव्हती, आणि सिनेटर बाहेर येत नव्हते. ते टोपी घालून खुर्चीत ताठ बसले होते.

"सर, गाडी थांबलीय."

"थांबू दे. एक मुलगी येते म्हणाली आहे."

"कोण मुलगी, सर?"

सिनेटरांनी आठवून पाहिलं. मग सुमेधा दारात दिसली तसे ते अर्धवट उठले, कुणीही बाई आत आली की उठायचे तसे, आणि समोरच्या खुर्चीकडे हात केला.

"ये, बस," ते म्हणाले. "तुला आमच्या बेसीची गोष्ट सांगितली का मी कधी?"

सुमेधानं खुर्ची जवळ ओढली.

"नाही," ती म्हणाली.