पलंगावरच्या दोन चिठ्ठ्या

मोकबाईंच्या दंडावर सकाळी पुन्हा चार लाल चट्टे उठले होते, एका ओळीत, आणि त्या अजूनही डासांनाच शिव्या देत होत्या. नोव्हेंबर संपत आलेला, आमच्या सोल शहराच्या गल्ल्यांत नळाचं पाणी गोठायला लागलेलं, आणि यांच्या तिसऱ्या मजल्यावर म्हणे डास!

खरं काय ते मोकबाईंना आठवड्यापूर्वीच कळलं होतं. महिन्याभरापूर्वी कोपऱ्यावर कुणीतरी छान लाकडी पलंग टाकून दिला होता, त्यावर महापालिकेची सामान उचलण्याची चिठ्ठीही होती. आमच्याकडे अशी वस्तू दिसली की ट्रक यायच्या आत शेजारी घरी नेतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. जन्मभर जमिनीवर झोपलेल्या बाईंची पाठ दुखायची, म्हणून त्यांनी नवऱ्याला हाताशी धरून तो वर चढवला. पलंगाबरोबर ढेकणांचं बिऱ्हाडही वर चढलं.

पण हे सांगणार कुणाला? दहा दिवसांवर पहिल्या नातीच्या जन्माचा शंभरावा दिवस आला होता, आमच्याकडे तो बारशासारखा थाटात करतात, आणि समारंभ याच घरात व्हायचा होता. सुनेला कळलं तर ती बाळाला उंबऱ्याच्या आत आणणार नाही, ही बाईंची भीती. म्हणून त्यांनी एक शक्कल लढवली. घर उबदार ठेवणाऱ्या, जमिनीखालच्या गरम पाण्याच्या नळ्या दोन दिवस पूर्ण तापवल्या. नवरा बनियनवर घाम पुसत बसला. ढेकूण मरायला हवे होते. ते नळीच्या फटीतून खालच्या मजल्यावर गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी खालच्या प्यो मावशी दारात उभ्या राहिल्या. वय अठ्ठ्याहत्तर, तीस वर्षं स्टेशनजवळच्या एका खानावळ-लॉजमध्ये चादरी धुतलेल्या. हातात झाकणाची काचेची बाटली, आत जिवंत ढेकूण.

"सुन-ओक," त्यांनी मोकबाईंना नावानेच हाक मारली, "हे तुझे पाहुणे. माझ्याकडे जेवायला उतरलेत."

"माझ्याकडे असलं काही नाही, मावशी. मी दिवसातून दोनदा फरशी पुसते."

"अगं, ढेकूण काय केर खातो? त्याला माणूस लागतो, मग तो महालातला का असेना. ढेकूण मारायला निघाला आणि झोपडी जाळून बसला, असं आपली माणसं उगीच म्हणत नाहीत. तू तर जाळलीस तीही माझी."

बाईंना राग आला. मावशी विचारायला थांबल्याच नाहीत. त्यांनी विजेरी लावली, पलंगाच्या सांध्यात एक जुनं कार्ड घालून ओढलं, आणि कार्डावर शाईचे ठिपके पडावेत तसे काळे डाग आले. सोबत पोकळ, पिवळट कातडी. गादीच्या शिवणीत तेच, भिंतीच्या पट्टीमागे तेच. मग त्यांचा हात पलंगाच्या पायथ्याशी गेला. तिथे कागदात गुंडाळून एक छोटी दुलई ठेवली होती, शंभर दिवसांच्या बाळाच्या अंगावर घालायची. बाईंनी चष्मा सांभाळत महिनाभर शिवलेली.

"तिला हात लावू नका," बाई म्हणाल्या.

मावशींनी शिवण उलटली. दोन काळे ठिपके होते, आणि त्यांच्या शेजारी तिळाएवढं काहीतरी चालत होतं.

मोकबाईंनी चष्मा लावून ते जवळून पाहिलं. स्वतःच्या हातांनी आपण हे पोरीच्या गळ्यापर्यंत ओढून दिलं असतं!

"ढेकणालाही तोंड असतं म्हणतात," मावशी हळू म्हणाल्या. "तुझ्या तोंडाला काय झालंय? घरात ढेकूण होणं हा गुन्हा नाही गं. लपवणं आहे. सुनेला फोन लाव."

बाईंनी फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, पलंग, नळ्या, दुलई, सगळं.

"आई, आठवडाभर आधी सांगायचं होतं," सून दा-हे म्हणाली. तिचा आवाज रागावलेलाच होता. "समारंभ आमच्याकडे करू. तुम्ही या. पण निघताना कपडे गरम ड्रायरमधून काढून घाला."

त्या आठवड्यात दोन्ही मजल्यांनी मिळूनच काम काढलं. कपडे आणि पांघरुणं पिशव्यांत बांधून लॉन्ड्रीत नेली आणि कडक गरम ड्रायरमध्ये फिरवली. फटी वाफेने शेकल्या, केर ओढायच्या यंत्रातली पिशवी लगेच चिकटपट्टीने बंद करून टाकली, आणि औषध मारणाऱ्या माणसाला दोनदा बोलावलं, कारण अंडी मागाहून फुटतात. दुलईही ड्रायरमधून निघाली, तरी बाईंनी ती समारंभाला नेली नाही. नवी शिवायला घेतली.

पलंग प्लास्टिकमध्ये गुंडाळून कोपऱ्यावर गेला. महापालिकेच्या चिठ्ठीशेजारी बाईंनी जाड पेनाने दुसरी लिहिली: "ढेकूण आहेत. घरी नेऊ नका. मोक, तिसरा मजला." नाव कशाला, म्हणून नवरा कुरकुरला. बाई म्हणाल्या, मागच्याने एवढं लिहिलं असतं तर आपली दोन्ही घरं वाचली असती का नाही, ते सांग.

संध्याकाळी एक नवं जोडपं पलंगापाशी थांबलं. मुलीने हात पुढे केला, वाचलं, आणि मागे घेतला. मग वर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे पाहून दोघांनी वाकून नमस्कार केला.

मंडळी, फुकटची वस्तू आणण्याआधी तिचे सांधे बघा, अंगावर ओळीने चट्टे उठले तर शिवणी उलटा. आणि सापडलेच, तर आधी शेजाऱ्याला सांगा. ढेकूण रक्तावर जगतो, पण वाढतो तो आपल्या लाजेवर.