वाडग्यातला तवंग

जानेवारीत ब्रांतोममध्ये उघडं होतं ते एकच हॉटेल, आणि त्याच्या न्हाणीघराचा पडदा खालच्या बाजूने काळा पडला होता. गिलेनने तोंडावर पाणी मारलं, आंघोळ न करताच कपडे बदलले आणि खाली आली. आन्सेल्म न्याहारीला बसला होता. काल रात्रीच्या बदकाच्या तंगडीचं कौतुक तो वाढणाऱ्या बाईला ऐकवत होता, तोंडात पाव असतानाच.

"झोप लागली?" त्याने विचारलं. मिशीला लोणी लागलं होतं.

"लागली," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर धुकं होतं, बंद झडपा होत्या, आणि समोरच्या भिंतीवर शेवाळाचा ओला हिरवा ओघळ.

सोमवारपासून ते दोघं फ्रान्सच्या नैऋत्येकडल्या पेरिगोरमधल्या लहान लहान गावांतून गाडीने सावकाश हिंडत होते. घाई कशाचीच नव्हती. दोघंही निवृत्त, ती विधवा, तो घटस्फोटित, ओळख वर्षभराची. त्याचं बालपण याच भागात गेलेलं. "आधी माझा मुलूख बघ, परतताना काय ते सांग," तो म्हणाला होता. सांगायचं ते एवढंच, की रेनमधला फ्लॅट विकून ती बोर्दोला त्याच्या घरी कायमची येते की नाही. फ्लॅटला गिऱ्हाईक आलं होतं आणि उत्तरासाठी खोळंबून होतं.

"तुला किळस कशाची येत नाही ते सांग, आई," मुलगी फोनवर म्हणाली होती. "चांगला माणूस आहे. नाकाला जरा आवर घाल."

नाकावरच तर गिलेनची नोकरी झाली होती. डेअरीच्या प्रयोगशाळेत तिने जन्मभर दुधाचे नमुने हुंगले आणि चाखले. रानलसूण खाल्लेल्या गाईचं दूध उग्र लागतं, पण तापवलं की तो वास उडून जातो. खवट झालेलं दूध मात्र कितीही तापवलं तरी खवटच राहतं. नव्याने येणाऱ्या मुलींना ती सांगायची, वास आला म्हणून लगेच ओतून देऊ नका, आधी तापवून बघा. म्हणून तर ती थांबली होती. आन्सेल्म हाडं चोखायचा, बशी पावाने पुसून तो पाव टेबलावर ठेवायचा आणि पुन्हा उचलायचा. पण ती गाडीत बसायच्या आधी तिची सीट तापवून ठेवायचा तोही तोच.

थिव्हिएला बाजार होता. लांब टेबलांवर सोललेली बदकं माना लोंबवून पडली होती, आणि शेजारी त्यांच्या बळेच चारून फुगवलेल्या कलेज्या, फिकट पिवळ्या, दमट, एखाद्या आजारी माणसाच्या त्वचेसारख्या. गिलेनने रुमाल नाकाशी धरला. बाजार उघडल्याची शिटी वाजेपर्यंत इथे कुणी विकत घेत नाही आणि मालाला हात लावत नाही. लोक पाठीमागे हात बांधून नुसते वाकून बघत होते.

आन्सेल्मने हातमोजा काढला आणि एका कलेजीत अंगठा रुतवला.

"साहेब, शिटी झाली नाही अजून," टेबलामागची बाई म्हणाली.

"अहो, मी इथलाच आहे."

"इथल्यांना शिटी ऐकू येते, साहेब."

आजूबाजूला हशा पिकला. आन्सेल्मचे कान लाल झाले. शिटी वाजली तेव्हा तो मोठ्याने म्हणाला, "शिरा फार आहेत हिच्यात," आणि काही न घेता वळला. कलेजीवर अंगठ्याचा खळगा तसाच राहिला. बाईने ती उचलून मागे, नजरेआड सारली. आन्सेल्मने अंगठा कोटाला पुसला.

"बघितलंस?" गाडीत बसल्यावर तो म्हणाला. "ही माणसं सुधारायची नाहीत. मी वेळेवर निसटलो, नाहीतर मीही बदकांच्या घशात नळ्या कोंबत बसलो असतो."

"मग मला इथे कशाला आणलंस?"

"खायला!" तो खळखळून हसला.

दुपारी जेवण त्याच्या आत्याकडे होतं. आई गेल्यावर लेओंतीन आत्यानेच त्याला वाढवलं होतं. स्वयंपाकघरात ओल्या कुत्र्याचा, काजळीचा आणि फार वेळ शिजलेल्या कोबीचा वास भरला होता. मेणकापड कोपराला चिकटत होतं. आत्या वाकून गेली होती, पण तोंड तरुण होतं.

"ही का ती? बरी आहे की. तू म्हणालास, फार नाजूक आहे."

"आत्या!"

"आत्या काय आत्या. बस, सूप निवतंय."

गिलेनने सूप कसंबसं संपवलं. तळाशी कोबीचे तुकडे आणि चरबीचा तवंग उरला. आत्याने आपल्या वाडग्यातल्या तेवढ्याच गाळात लाल वाईन ओतली, वाडगा गोल फिरवला आणि दोन्ही हातांनी तोंडाशी नेला. गिलेनला कळलं, उरल्या सुपात वाईन घालून पिण्याचा इथला जुना रिवाज, शाब्रो म्हणतात तो हाच. बोर्दोला मित्रांच्या जेवणात आन्सेल्मने आत्याच्या फुरक्यांची नक्कल केली होती, आणि सगळे हसले होते. तीही.

"नको आत्या, पाहुण्यांसमोर नको."

"का? ही काय पोलिसात आहे?"

"ओंगळ दिसतं ते. तिला सवय नाही असल्या गोष्टींची." त्याने उठून आत्याच्या हातातून वाडगा काढून घेतला आणि मोरीत रिकामा केला.

आत्याचे हात वाडगा धरल्यासारखेच हवेत राहिले. "वाईन होती रे त्यात," ती म्हणाली. मग तिने एप्रनच्या टोकाने हनुवटी पुसली. हनुवटीला काही लागलंच नव्हतं.

गिलेनने बाटली ओढली आणि आपल्या वाडग्यात ओतली. तवंगाची वर्तुळं फुटली, रंग जांभळट तपकिरी झाला. पहिल्या घोटाला चरबी टाळूला चिकटली. दुसराही तसाच गेला.

"फुरका मार गं," आत्या म्हणाली. "नुसते ओठ लावलेस तर वासच येणार."

गिलेनने फुरका मारला. तिसऱ्या घोटाला ते नुसतं कोमट, खारट, आंबूस लागलं. चौथ्याला काहीच वाटलं नाही. आत्या हसत होती.

"बघ आत्या, माझ्यासाठी काय काय करते ही!" आन्सेल्म म्हणाला.

गिलेनने वाडगा खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. मोरीकडे बघितलं. तिने वाट पाहिली. आत्याने चीज आणलं, कॉफी झाली, निघताना आत्याने तिचे दोन्ही गाल चुंबले, आणि तरीही तो खवटपणा उडून गेला नाही.

आत्या दारात हात वर करून उभी होती. आन्सेल्मने मागे न बघता हॉर्न वाजवला.

"पुढच्या गावात थांबू," तो म्हणाला. "तोंडाची चव घालवायला हवी तुझ्या."

"ती गेली. मला थिव्हिएच्या स्टेशनवर सोड. रेनला जाते मी. फ्लॅट विकायचा नाही."

त्याने गाडीचा वेग कमी केला. "एका वाडग्यापायी?"

"माझा वाडगा मी संपवला, आन्सेल्म."

सीट खालून गरम होत होती. तिने बटण शोधलं आणि बंद केलं.