बी-सात रॅकवरचे ब्रेक

तिने 'पिकलिस्ट तयार करा' हे बटण पुन्हा एकदा दाबलं, आणि स्क्रीनने पुन्हा तेच उत्तर तोंडावर फेकलं: उचलण्यासारखं काही नाही.

"काही नाही म्हणे! मग एकशेवीस ब्रेक काय हवेत लटकतायत?"

गोदाम सांभाळणारे काका शेजारी स्टुलावर बसले होते. त्यांनी मान वळवून समोरच्या बी-सात रॅककडे पाहिलं. ब्रेकची खोकी तिथेच होती, वरचं प्लॅस्टिकसुद्धा न फाडलेली.

साठ व्हीलचेअर जोडायच्या होत्या. सांगाडे तयार, चाकं तयार, जोडणीच्या टेबलांपाशी चौघे हातावर हात धरून बसलेले. कुठल्या रॅकवरून काय उचलून टेबलावर न्यायचं याची यादी सॉफ्टवेअर देणार, त्या यादीवरून प्रत्येक खुर्चीला नंबर पडणार, आणि नंबर नसलेली खुर्ची खरेदीदार फाटकातूनच परत पाठवणार. नाहीतर खोकी हाताने उचलून नेण्यात कसलं आलंय शास्त्र! ट्रक चार वाजता निघायचा होता. आता पावणेतीन झाले होते.

सकाळी ही यादी का अडली ते शोधायला तिला इथे पाठवताना, सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसातल्या तिच्या सरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "महिन्यात दोन तक्रारी आल्यात तुमच्या. तिसरी आली तर माझ्याही हातात काही राहणार नाही." त्या दोन्हींत तिची काडीची चूक नव्हती, पण ऐकतंय कोण? नवरा आठ महिन्यांपासून घरी बसून, दोन मुलं शाळेत, सगळं घर तिच्या एकटीच्या नोकरीवर. काकांनी आणून दिलेल्या चहावर साय धरली होती.

तिने सगळं पहिल्यापासून तपासायला घेतलं. जोडणीच्या टेबलाचा कोड भरलेला. ऑर्डर मंजूर. साठा बरोबर. मग घोडं पेंड खातंय कुठे?

"काका, मागच्या आठवड्यात चाळीस खुर्च्यांची यादी निघाली होती ना?"

"निघाली होती. पण ते जुने ब्रेक होते."

"त्यानंतर कोणी काही बदललं का यात?"

"मला काय कळतंय त्यातलं, ताई. आम्ही आपले खोकी मोजणारे."

पण हे बोलताना त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने उगाचच पुसत बसले.

तिने बी-सातची माहिती उघडली आणि अगदी तळापर्यंत गेली. तिथे सहसा कोणी फिरकत नाही. एक चौकट होती: या जागेवरून माल काढण्यास बंदी. चौकटीत टिक.

"सापडलं!" तिला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. "एवढीशी टिक, काका! सकाळपासून जीव खाल्ला हिने माझा."

काका हसले नाहीत. टिक कोणी केली, हे तिने सवयीनेच पाहिलं. तपासणी विभाग, मंगळवार, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं.

"तपासणीला कोण असतं इथे?"

"मावशी असायच्या. मंगळवारीच काढलं त्यांना."

"म्हणजे जाता जाता राग काढला!"

काकांनी दाराकडे एकदा बघून घेतलं आणि स्टूल जवळ ओढलं.

"राग? एकवीस वर्षांत त्या बाईने आवाज चढवला नाही. हे नवे ब्रेक आले, तेव्हा ट्रक लागतो ना, त्या उतारावर खुर्ची लावली आणि स्वतः बसल्या तिच्यात. ब्रेक ओढला, तरी खुर्ची निघाली खाली. मी धरली म्हणून वाचल्या. दुसरी लावली, तिचंही तेच. मालकांना सांगायला गेल्या, तर म्हणे ट्रक थांबणार नाही, तुम्हीच घरी थांबा."

"आणि तुम्ही सकाळपासून मला शोधू देताय?"

"निवृत्तीला दोन वर्षं राहिलीयत माझी, ताई. लाज वाटते, पण बसलो गप्प." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "मावशींनी जायच्या आधीच ते नमुन्याचे म्हणून जादा आलेले चार ब्रेक बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवलेत. सोमवारी सकाळी रिपोर्ट येतो. एक प्रत सरळ खरेदीदाराकडे जाते, मग मालकांचं काही चालत नाही. तेवढा सोमवार उजाडायला हवा."

आज शुक्रवार होता. तिने माउसचा बाण टिकवर नेला. एकदा दाबलं की यादी निघणार, ट्रक जाणार, सरांचा शाबासकीचा फोन येणार. आणि मालकांना खरं सांगितलं, तर ते खुर्चीमागे उभे राहून तिच्याच हाताने टिक काढून घेणार. बराच वेळ तिचं बोट माउसवर तसंच राहिलं. मग तिने ती खिडकी बंद केली.

साडेतीनला मालक आले.

"काय मॅडम, लागला का शोध?"

"नाही, साहेब."

"नाही म्हणजे?"

"सगळं बघितलं. मला नाही सापडत."

"मग नऊ वाजल्यापासून काय झोपा काढत होतात?"

तिचे कान तापले. क्षणभर वाटलं, ती खिडकी उघडावी, स्क्रीन त्यांच्याकडे फिरवावी आणि म्हणावं, हे बघा, येतं मला. तिने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

मालक काकांकडे वळले. "तुम्ही होतात ना इथे? काय करत होत्या या?"

काका उभे राहिले.

"काही येत नाही हो यांना, साहेब," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "नुसत्या स्क्रीनकडे बघत बसल्यात. कुठून पाठवतात असली माणसं, देव जाणे."

जोडणीच्या टेबलांवरचे चौघे हसले. काकांनी तिच्याकडे न बघता चष्मा काढला आणि पुन्हा शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला.

मालकांनी तिथूनच तिच्या ऑफिसला फोन लावला. "आत्ताच्या आत्ता दुसरा माणूस पाठवा... सोमवारी? सोमवारी काय करू मी त्याचं?" त्यांनी बरंच काही ऐकवलं, मग फोन तिच्यापुढे धरला. "घ्या. तुमचे सर. तुमच्याशीच बोलायचंय."

तिने फोन कानाला लावला आणि पलीकडचं सगळं ऐकून घेतलं.

"हो सर," ती म्हणाली. "नाही, सॉफ्टवेअरमध्ये काही नाही. मलाच येत नाही."