पंचाहत्तर अंशांच्या कपाटात

मित्रांनो, मी मोटारीची एक जुनी बॅटरी आहे. एकदा मला फार भीती वाटली होती, ती गोष्ट तुम्हाला सांगते.

मला जपानच्या थंडीसाठी घडवलं. बर्फातही इंजिन एका झटक्यात फिरावं, म्हणून माझ्या पोटात शिशाच्या पुष्कळ पातळ पट्ट्या दाटीनं बसवल्या आणि अंगावर ताकदीचा मोठा आकडा छापला. त्सुकुबा शहरात राहणाऱ्या नरेंद्रनं तो आकडा बघूनच मला घेतलं. दोन महिन्यांत, मार्चमध्ये, मोठा भूकंप झाला. वीज गेली. नरेंद्र आणि त्याची बायको पद्मिनी गाडीत बसून ऊब घेत, रेडिओवर बातम्या ऐकत. गाडी कितीदा बंद झाली, कितीदा सुरू झाली, पण मी अडले नाही. तेव्हापासून नरेंद्र येता-जाता माझं कौतुक करी.

पुढच्या वर्षी त्याची नामिबियाच्या वाळवंटात बदली झाली. खाणीपर्यंत दीडशे किलोमीटर एकट्यानं जायचं, वाटेत ना गाव, ना फोनला रेंज. गाडी जहाजानं जाणार होती.

"बॅटरी हीच राहू दे," तो म्हणाला. "भूकंपात टिकली, उन्हाला काय घाबरणार?"

"थंडीत टिकली," पद्मिनी म्हणाली. "तिथे पेपरच वेगळा आहे."

"झालं! लॅबमधल्या बाईंचं लेक्चर सुरू."

मित्रांनो, मी मात्र घाबरले होते. त्सुकुबाच्या ऑगस्टमधल्या उन्हाळ्यातच माझं पाणी उडत होतं, पट्ट्या झिजत होत्या. बाहेरून ते दिसत नसे, कारण उन्हानं केलेली इजा आम्ही आतच ठेवतो आणि एक दिवस अचानक थांबतो. तो दिवस वाळूत उजाडला तर? नरेंद्रजवळ पाण्याच्या बाटल्या किती असतील? मला बोलता येत नव्हतं.

पद्मिनीनं वरिष्ठांना विचारून मला ती काम करते त्या प्रयोगशाळेतल्या गरम कपाटात ठेवलं. पंचाहत्तर अंश, तीन आठवडे, म्हणजे वाळवंटातल्या कित्येक महिन्यांची झीज लवकर दिसावी. दार बंद झालं आणि माझी भीती दुप्पट झाली. टिकले, तर मला वाळवंटात पाठवतील. नाही टिकले, तर भंगारात. पट्ट्यांचे कण तळाशी गळत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी मनाशी म्हटलं, आपण नापास व्हावं.

मग मला पुरती चार्ज करून परत गाडीत बसवलं. नरेंद्रनं हसत किल्ली फिरवली. दिवे लागले, पण इंजिनातून नुसतं टक् आलं. पुन्हा टक्. त्याचं हसू विरलं.

"पद्मिनी, हे तिथे झालं असतं तर..."

"म्हणून इथे करून घेतलं," ती म्हणाली. "हिच्यासारखी नवीसुद्धा नको. जाड पट्ट्यांची घे, आकडा लहान असला तरी. तिथे थंडी नाही, मोठा आकडा काय कामाचा? आणि दर पंधरा दिवसांनी आतलं पाणी बघायचं. मला फोटो पाठवायचा."

"पाठवतो, बाई," तो म्हणाला. या खेपेला त्यानं चेष्टा केली नाही.

आता मी भंगाराच्या दुकानातल्या ट्रेमध्ये आहे. उद्या मला वितळवतील. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? तरी एक विनंती आहे. तुमचं माणूस दूर निघालं, तर आमच्या जुन्या पराक्रमावर विसंबू नका. ते जिथे जाणार, तिथलं ऊन आधी आम्हाला दाखवा. आमचं काय व्हायचं ते तुमच्या अंगणात होऊ द्या.