शनिवारचं विमान

कॅरलने इंजिन पुन्हा बंद केलं. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला आणि तिने मागच्या उघड्या बैठकीतून डोकं बाहेर काढलं.

"आता काय झालं, अरुण?"

"काही नाही! ऑल क्लिअर आहे."

"मग तू नाही का म्हणालास?"

खाली उभा राहून तिला खुणा करणारा अरुण हो म्हणाला होता. पण घाई झाली की तो हात वर करायचा विसरे आणि त्याची सांगलीची मान हो म्हणतानाही मजेत डावी-उजवीकडे डुले. बिचाऱ्या कॅरलने त्यातून काय समजायचं? जमिनीवर असताना तिला समोरचं काही दिसत नसे. विमानाच्या ऐंशी वर्षांपूर्वीच्या आराखड्यातच तशी रचना होती: पुढे बंद खोलीत दोन प्रवासी आणि टपालाच्या थैल्या, पायलट मागे भर वाऱ्यात. अरुण आणि त्याच्या मित्रांनी वाळवंटातल्या चँडलर गावाबाहेरच्या हँगरमध्ये हे विमान फळी फळी जोडून नव्याने उभं केलं होतं. वाळूची पोती घेऊन ते उडालंही होतं. आज, २००६ च्या मार्चमधल्या या शनिवारी, टपाल आणि जिवंत माणूस घेऊन उडालं, तर म्युझियम त्याला उडतं ठेवणार होतं. नाही तर पंख काढून छताला टांगणार.

इंजिन दुसऱ्यांदा थांबल्यावर आतले प्रवासी, म्हणजे म्युझियमचेच मिस्टर डग्लस, खाली उतरले.

"मी इथूनच बघतो," ते म्हणाले.

अरुणचं तोंड एवढंसं झालं. मित्रांपैकी कोणी आत बसायला तयार नव्हतं; उरला होता तो एकटाच, आणि तो बसला तर खाली खुणा कोण करणार? त्या तर त्यालाच पाठ होत्या.

अरुणच्या बायकोने, मीनाक्षीने, डब्याचं झाकण लावलं. नवऱ्याचा डबा घेऊन ती दर शनिवारी यायची, घडीच्या खुर्चीत बसायची आणि विमान नावाच्या या सवतीकडे धुसफुसत बघायची. आज ती उठली.

"तू आत बस. मी उभी राहते."

"मीनू, यार, सिग्नल्सचा पूर्ण सीक्वेन्स असतो..."

"चाकांचे ठोकळे काढले का बघायचं, मग शेपटी, वारा, रनवे, आणि शेवटी उजवा हात. मान अजिबात हलवायची नाही. बस आता."

अरुण तिच्याकडे बघतच राहिला. मग थैल्या सरकवून आत बसला.

इंजिन पुन्हा सुरू झालं, तशी मीनाक्षी पंखाच्या टोकापाशी जाऊन उभी राहिली. धुळीने डोळे झोंबत होते, पण तिने एकेक गोष्ट सावकाश पाहिली आणि हात ताठ वर केला. कॅरलने लगेच इंजिनाला जोर दिला. विमान धडधडत धावलं, शेपटी उचलली गेली, आणि चाकांखाली उजेड दिसला. ते निवडुंगांवरून वर चढत गेलं, तेव्हा हँगरमधली सगळी मंडळी ओरडत सुटली. मीनाक्षीला रडू आलं. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

मिस्टर डग्लस टोपी काढून तिच्याशेजारी येऊन उभे राहिले.

"टांगायचं रद्द," ते म्हणाले. "तुम्ही कधीपासून या विमानावर काम करताय?"

मीनाक्षीने आकाशावरची नजर हटवली नाही.

"पहिल्या शनिवारपासून," ती म्हणाली.