तिसरा फोन

काचेपलीकडच्या तंत्रज्ञाला तिने बोट वर करून खूण केली आणि त्याने आवाज सोडला. टक्, टक्. मग जरा थांबून आणखी एक, हलका. पाठोपाठ काहीतरी घासल्यासारखं. संपलं.

“तर मंडळी, कान टवकारा!” ती माइकमध्ये म्हणाली. “हा आवाज कशाचा? नेहमीसारखे तीनच फोन. आणि ओळखला गेला, की त्या आवाजाला कायमची सुट्टी!”

हे ती हसत म्हणाली. हसत बोलण्याचाच तर तिला पगार मिळत होता.

सकाळच्या कार्यक्रमातला हा खेळ तिच्याच डोक्यातून निघालेला. श्रोत्यांनी घरातले आवाज पाठवायचे, बाकीच्यांनी ओळखायचे. कपाटाचं करकरणारं दार, पिठाची चाळणी, असले आवाज लोक एका दिवसात ओळखत. एका सुनेने सासऱ्यांचं घोरणं पाठवलं, ते तिच्या सासूनेच फोन करून ओळखलं. त्या घरात पुढे काय झालं ते कळलं नाही.

हा आवाज मात्र कितीतरी दिवस कुणाला दाद देत नव्हता. एका श्रोत्याने पाठवलाय, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. ते साफ खोटं होतं. ते तिच्या नवऱ्याचे बूट होते.

एका रविवारी ती घरी बसून जाहिरात रेकॉर्ड करत होती आणि तो बाहेर निघाला. सवयीप्रमाणे त्याने बूट उलटे करून उंबऱ्यावर आपटले, आत हात फिरवला. चांगली जमलेली जाहिरात वाया गेली म्हणून ती केवढ्याने ओरडली होती.

“बाबांची शिकवण आहे,” तो म्हणाला होता. “आत काय बसलंय कुणास ठाऊक!”

हे बोलणं रेकॉर्ड झालं नाही, कारण तोवर तिने रागाने मशीन बंद केलं होतं.

पुढे तो एक दिवस कामावर गेला आणि तिथेच, खुर्चीत बसल्याजागी, गेला. नंतर तिने शोध शोध शोधलं. फोटो ढिगाने होते, आवाज कुठेच नव्हता. रेडिओवर बोलणाऱ्या बाईच्या घरात नवऱ्याचा एक शब्द नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. उरले होते ते हे ठोके. घरी एकटीने ते ऐकायची तिची छाती होत नसे. इथे कामाच्या धबडग्यात, सगळ्या गावाबरोबर, ऐकता येत. कुणी ओळखले, की तेही संपणार होतं.

आज कार्यक्रमाआधीच निर्माता दारात येऊन उभा राहिला होता.

“ताई, लोक वैतागलेत. आज खूण द्या. पायाशी संबंध आहे म्हणा.”

“राहू दे ना अजून थोडे दिवस.”

“लोणचं घालायचंय का त्याचं?”

बूट हे उत्तर त्याला माहीत होतं. कुणाचे, ते माहीत नव्हतं. तिने माइकवर ती खूण दिली.

पहिला फोन एका टॅक्सीवाल्याचा होता. त्याच्या मते कुणीतरी जिना उतरत होतं. दुसरी एक नर्स होती, रात्रपाळी संपवून घरी निघालेली.

“चपला झटकतंय कुणीतरी! आमची आई अश्शीच झटकते.”

काचेपलीकडे निर्मात्याने अंगठा वर केला, देऊन टाका. तिने नकारार्थी मान हलवली.

“जवळ आलात. पण चपला नाहीत.”

आता काय उरलं होतं? चपला नाहीत म्हटल्यावर शेंबडं पोरसुद्धा बूट म्हणालं असतं. तिसऱ्या लाइनचा दिवा लुकलुकत होता. तिने पाण्याचा घोट घेतला आणि बटण दाबलं.

“हॅलो, कोण बोलतंय?”

“एक श्रोता.” म्हातारा आवाज, तोंडावर रुमाल धरल्यासारखा.

“काय करता आपण?”

“काही नाही. घरीच असतो.”

त्या आवाजामागे एक फ्रीज घरघरला, दोन गचके देऊन थरथरला आणि बंद पडला. तिचा हात बटणावरच राहिला. कानांवर पोट भरणाऱ्या बाईला स्वतःच्या स्वयंपाकघरातला फ्रीज ओळखू येणार नाही?

सासरे होते. कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना या खेळात भाग घ्यायची मनाई होती आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

ती रोज उजाडायच्या आत घर सोडायची. नवऱ्याच्या कामावर जायच्या वेळी ती इथे माइकसमोर असे. ते ठोके रोज सकाळी ऐकले होते ते त्यांनी, याच वेळेला, रेडिओवर तिची बडबड चालू असताना. शिकवलेही त्यांनीच. मुलगा गेल्यापासून त्यांनी त्याचं नाव काढलं नव्हतं. म्हातारा घट्ट काळजाचा आहे, असं ती मनात म्हणून बसली होती.

“बोला, बा...” ती अडखळली. “बोला आजोबा. कशाचा आवाज?”



“घोडा,” ते म्हणाले.

“घोडा?”

“टापा वाजतात ना? घोडाच तो.”

निर्मात्याने कपाळावर हात मारला.

“चुकलात आजोबा,” ती म्हणाली.

“असं का? बरं, बरं. मग उद्या लावाल ना परत?”

“ओळखेपर्यंत लावायचा, असाच नियम आहे.”

“मग ठीक.”

तिने गाणं लावलं आणि माइक बंद केला.

“हे आजोबा रोज फोन करतात,” तंत्रज्ञ आत येऊन म्हणाला. “मी तरुण पोरांना आधी घेतो. आज मात्र हटूनच बसले. म्हणाले, खूण दिलीत ना, आता मला घ्याच. आणि ओळखलं काय, तर घोडा!” तो हसत सुटला आणि तिचा चेहरा बघून थांबला.

दुपारी ती घरी आली तेव्हा सासरे टेबलाशी मटार सोलत होते. रेडिओ बंद होता. तिने पाण्याची बाटली काढली, फ्रीजचं दार लावलं.

“हा फ्रीज दुरुस्त करायला हवा, बाबा. रेडिओवरसुद्धा ऐकू येतो.”

त्यांचा हात थांबला. मग त्यांनी पुढची शेंग उचलली.

“उद्या काय खूण देणार आहेस?”

“चामडं.”

ते विचार करत राहिले.

“मग ढोल सांगतो.”

तिला हसू आलं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथून त्याचं रडू झालं. ते खाली शेंगांकडेच बघत होते.

“पण माझ्या आधी कुणी बूट म्हणालं तर?”

तिने खुर्ची ओढली, त्यांच्या शेजारी बसली आणि अर्ध्या शेंगा आपल्या पुढ्यात घेतल्या.