स्वस्त विमानाचा जिना

मित्रांनो, मी एक जुना जिना आहे. घरातले जिने माडीवर जातात; मी मात्र विमानाच्या दाराशी जातो. मला चार चाके आहेत, दोन्ही बाजूंना कठडे आहेत आणि माझा रंग मूळचा पिवळा होता, असे जुने लोक सांगतात.

माझा जन्म बस दुरुस्तीच्या कारखान्यात झाला. त्याच्या मालकांना सगळे दादा म्हणत; त्यांच्या स्वतःच्या बसही रस्त्यावर धावत. त्यांच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे आमच्या ताईंनी, विमान कंपनी काढली. बसने जाणाऱ्यालाही परवडेल असे तिकीट ठेवायचे, हा त्यांचा ध्यास होता. दादांना ते मुळीच पटले नाही.

"बस बिघडली तर रस्त्याच्या कडेला थांबता येतं. ढगात कुठं थांबशील?" ते म्हणाले.

तरी ताईंना नवा जिना परवडत नाही हे कळल्यावर त्यांनीच मला बनवून पाठवले. स्वतः मात्र विमानतळावर कधी फिरकले नाहीत.

कंपनीचे तेव्हा एकच विमान होते, तेही वापरलेले. ते उतरले की पुन्हा उडेपर्यंत सगळ्यांची तारांबळ उडे. वैमानिकसुद्धा खुर्च्यांखालचा कचरा उचलत. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणारी माणसे माझ्या पायऱ्या चढत. एका आजीबाईंनी दारात स्वागताला उभ्या असलेल्या मुलीला विचारले, "खिडकी उघडते ना गं?" ती नाही म्हणताच आजी म्हणाल्या, "मग वारा कसा लागायचा?" मागची सगळी रांग हसली.

हळूहळू एकाची चार विमाने झाली. "हा जिना आपल्याला लाभला," असे ताई म्हणत, तेव्हा माझी लोखंडी छाती फुगत असे.

मग दिवस फिरले. इंधन महागले. एका मोठ्या कंपनीने आमच्यापेक्षा तिकीट स्वस्त केले. सुटे भाग मिळेनात, म्हणून तीन विमाने शेडमध्ये अडकली. ताई आता गाशा गुंडाळणार, अशी कुजबुज सुरू झाली.

एका सकाळी प्रवासी माझ्यासमोर रांगेत उभे होते. तेवढ्यात विमान तपासणाऱ्या मेकॅनिकबाई ताईंजवळ आल्या. "इंजिनाच्या एका पात्याला चीर गेलीय. मी उडू देणार नाही."

"आज विमान उडालं नाही, तर उद्या आपलं तिकीट कोण काढेल?" व्यवस्थापक म्हणाले.

"आणि वर गेल्यावर काही झालं तर?" ताईंनी शांतपणे विचारले. मग त्या माझ्या तिसऱ्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि काहीही न लपवता त्यांनी प्रवाशांना सगळे सांगितले. लोक चिडले. एक तरुणी पुढे आली. "उद्या सकाळी माझ्या बाबांचं ऑपरेशन आहे. मी कशी पोचू?"

 ताई माझ्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी दादांना फोन लावला. कितीतरी महिन्यांत दोघे बोलले नव्हते.

"दादा, माझं विमान अडकलंय."

दादा रागावले नाहीत. "माणसं किती आहेत, तेवढं सांग," एवढेच त्यांनी विचारले.

दुपारच्या आत फाटकातून बस आत आल्या. पहिलीत दादा स्वतः होते. त्यांनी त्या तरुणीला पुढची जागा दिली. "पहाटेपर्यंत पोचवतो, बाळ. डोळे मिटून पड जरा."  मग ताईंच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते बसमध्ये चढले. ताई कितीतरी वेळ माझा कठडा धरून उभ्या होत्या.

तरुणी वेळेत पोचली. तिचे बाबा बरे झाले. ही हकिकत तोंडोतोंडी पसरली आणि प्रवासी परत येऊ लागले. पुढे बहीणभावांनी एकाच तिकिटावर बस आणि विमान, असा प्रवास सुरू केला. कंपनी सावरली, वाढली.

वाढत्या कंपनीला नवी इमारत मिळाली. तिथून प्रवासी बोगद्यासारख्या बंद पुलावरून थेट विमानात जाऊ लागले. मी शेडमागे पडून राहिलो. गंज चढला, चाके रुतली. एक दिवस मेकॅनिकबाईंनी मला ओढून आणले, घासले, वंगण घातले. आता त्यांच्या हाताखालची मुलेमुली माझ्यावर चढून इंजिन तपासायला शिकतात. इथे घाई नसते. मी सुखात आहे.

मित्रांनो, रोज तुमचे ओझे वाहणाऱ्या वस्तू तुमच्याही घरात, शाळेत असतील. त्या करकरू लागल्या तर कानाडोळा करू नका. एखादा खिळा सैल दिसला, तर लगेच मोठ्यांना सांगा. तुम्ही आमच्याकडे एवढे लक्ष दिले, तर आम्ही तुम्हाला पडू देणार नाही.